टेकूवर रुसलेला जॅक

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो, आणि आज मी तुम्हाला माझा पराक्रम सांगणार नाही, माझी लबाडी सांगणार आहे. त्या लबाडीपायी एका भल्या माणसाचा जीव जायचा, तो थोडक्यात वाचला. तो वाचला म्हणून मला बोलायला तोंड आहे. नाहीतर मी शेडच्या कोपऱ्यात गुपचूप गंजत पडलो असतो.

आधी मी कोण ते सांगतो. गाडी उचलून धरतो तो जॅक. तुमच्या गाडीच्या डिकीत असतो तो काडीपैलवान म्हणजे आमच्यातलं शेंडेफळ. मी तो नव्हे. मी गॅरेजातला जॅक. मला चार लोखंडी चाकं आहेत आणि माणसाच्या कमरेला लागेल एवढा लांब दांडा आहे. दांडा वर-खाली केला की माझ्या पोटातलं तेल दाबलं जातं, ते आतल्या दट्ट्याला ढकलतं आणि माझा हात वर येतो. दांडा उलटा फिरवला की तेल सुटतं आणि हात खाली येतो. पोटात एक रबरी कडं आहे, बोटातल्या अंगठीपेक्षा थोडं मोठं. दाबलेल्या तेलाला ते निसटू देत नाही. माझी सगळी ताकद त्या कड्यात आहे. पण हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी समजत होतो की ताकद माझ्या मनगटात आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. भट्टी, ओतकाम, घासकाम, रंग, हे सगळं होऊन मी शेवटच्या टेबलापाशी आलो. तिथे एक जाड चष्म्याचा तपासनीस बसायचा. त्याने माझ्या हातावर तीन टनांचं वजन ठेवलं आणि घड्याळ लावून डबा खायला बसला. त्याचा डबा संपला तरी मी तसूभर खाली आलो नव्हतो. त्याने हात पुसले आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला इतका माज चढला की तो पुढची कैक वर्षं उतरला नाही.

तिथून मी एका साहेबांच्या बंगल्यावर आलो. साहेबांकडे एक लांबलचक, गडद निळी गाडी होती. आत चामड्याच्या गाद्या, समोर खऱ्या लाकडाची पट्टी, आणि दार लावलं की नुसता मऊ 'धप्प' असा आवाज. गाडी कसली, घरंदाज बाईसाहेबच त्या. मी त्यांना बाईसाहेबच म्हणायचो. वजन मात्र दोन टनांच्या घरात. त्यांना जमिनीवरून उचलायचं काम माझं आणि त्यांना रस्त्यावरून न्यायचं काम अण्णांचं.

अण्णा म्हणजे साहेबांचे ड्रायव्हर. कडक इस्त्रीचे कपडे, खिशात स्वच्छ फडकं. गाडी नुसती चालवायची हे त्यांना मान्य नव्हतं. तिचं ऑइल, तिचे ब्रेक, तिचे पट्टे, सगळं ते स्वतःच्या हाताने बघायचे. मी पहिल्यांदा बाईसाहेबांना उचललं तेव्हा शेजारच्या बंगल्यांवरचे दोन ड्रायव्हर मुद्दाम बघायला आले होते. अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की हा पैलवान आहे. तेव्हापासून माझं नाव पैलवान पडलं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. मी गाडी उचलली, की अण्णा दोन लोखंडी टेकू आणायचे आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना खाली लावायचे. मग मला जरासं खाली घ्यायचे, आणि गाडीचा भार त्या टेकूंवर बसायचा. टेकू म्हणजे काय, तीन पायांचे दोन ठोंबे. ना त्यांना चाक, ना दांडा, ना पोटात तेल. जन्मात एक किलो वजन उचललेलं नाही. उचलायचं मी, घाम गाळायचा मी, आणि हे आयत्या बिळावर नागोबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिक्का माझ्या पाठीवर आहे आणि विश्वास त्यांच्यावर, असं मला वाटायचं.

अण्णांची कारणं वेगळी होती. ते ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकले, त्याचा डावा हात मनगटापासून चपटा झालेला होता. गाडी जॅकवरून घसरून हातावर आली होती. त्या उस्तादाने त्यांना तीन प्रश्न शिकवले होते. गाडीखाली जाण्याआधी ते मोठ्याने विचारायचे आणि दुसऱ्या माणसाने बघून उत्तर द्यायचं. मागच्या चाकांना दगड लागले का. टेकू लागले का. चावी कुणाकडे आहे. तिन्ही उत्तरं आल्याशिवाय अण्णा खाली वाकायचे नाहीत. मला हे सगळं नाटक वाटायचं.

वर्षं गेली. साहेबांनी नवी गाडी घेतली. अण्णाही निवृत्तीला आले होते. साहेबांनी त्यांच्या हातात बाईसाहेबांची चावी ठेवली आणि सांगितलं की हिला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची सवय नाही, तुम्हीच न्या. बरोबर मी आलो आणि ते दोन ठोंबेही आले. काय करणार, पदरी पडलं आणि पवित्र झालं.

अण्णांच्या घराशेजारी पत्र्याची एक शेड आहे. खाली सिमेंटचा कोबा. बाईसाहेब आत शिरल्या की दोन्ही बाजूंना जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा उरते. माझी जागा त्यांच्या नाकाखाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये. तिथे ढकलून ठेवला की मी कुणाच्या पायात येत नाही.

महागड्या गाडीचं म्हातारपण फार वाईट, मित्रांनो. साध्या गाडीचं दुखणं एक असतं, हिची दुखणी छत्तीस. एक दिवस काच दाराच्या पोटात पडली ती वर येईना. एकदा एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबली आणि पायाखालचा गालिचा भिजून कुजायला लागला. चार दिवस गाडी हलवली नाही तर बॅटरी उतरायची. समोरच्या पट्टीवर पिवळा, लाल, काहीतरी दिवा कायम पेटलेला. अण्णांची बायको, तिला सगळे माई म्हणतात, ती म्हणायची की माझ्या माहेरच्यांनीसुद्धा एवढी कौतुकं करून घेतली नाहीत. पण दर महिन्याला मैत्रिणीकडे जाताना ती मागच्या गादीवर ऐटीत बसायची, हेही मी पाहिलेलं आहे.

अण्णांना मदतीला होती त्यांची सून. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सूनबाईचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारी ही मुलगी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच रविवारी बाह्या सारून शेडमध्ये येऊन उभी राहिली. अण्णांनी तिला आधी बाजूला उभं केलं, मग पाना धरायला दिला, मग दांडा मारायला दिला. वर्षभरात ती तरबेज झाली. तिची एक पद्धत मला फार आवडायची. पुठ्ठ्यावर गाडीच्या त्या भागाचं चित्र काढायची आणि जो बोल्ट जिथून काढला तिथेच चित्रात भोक पाडून खोचून ठेवायची. एक बोल्ट इकडचा तिकडे व्हायचा नाही. अण्णा तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पण माईपाशी जेवताना सुनेची तारीफ करायचे. शेडला लागून स्वयंपाकघर, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

तीन प्रश्न आता अण्णा विचारायचे आणि सूनबाई बघून उत्तर द्यायची. दर रविवारी. माई त्याला पाढा म्हणायची.

अशी अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत बाईसाहेबांना काय काय मिळालं ते सांगू का? इंजिनाला ऑइल, गिअरबॉक्सला ऑइल, ब्रेकला तेल, बिजागऱ्यांना ग्रीस, चामड्याला वेगळं मलम, लाकडाला वेगळं पॉलिश. आणि मला? मला एक थेंब नाही. ज्याच्या जोरावर हे सगळं चालायचं त्याच्या पोटात काय आहे हे कुणी एकदाही उघडून पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझं रबरी कडं वाळलं, मग त्याला बारीक चिरा पडल्या. एका रविवारी मी बाईसाहेबांना उचललं आणि मला जाणवलं की मी हळूहळू खाली बसतोय. तेवढ्यात टेकू लागले आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

इथे माझी लबाडी सुरू झाली. ज्या टेकूंना मी जन्मभर शिव्या घातल्या, त्यांच्याआड मी माझं दुखणं झाकलं. उचलायचं एक मिनिट कसंबसं तग धरायचा, पुढचं ते बघून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. पैलवानाने गुडघे दुखतात म्हणून कसं सांगायचं?

पण तेल गप्प बसत नाही. ते माझ्या पोटातून पाझरून कोब्यावर पडायला लागलं. आणि माझी जागा कुठे, तर बाईसाहेबांच्या नाकाखाली. अण्णांनी एका सकाळी तो काळपट डाग पाहिला, बोटाने चोळला, हुंगला आणि निकाल दिला की गिअरबॉक्स गळतोय. आळ बाईसाहेबांवर गेला. मी गंमत बघत बसलो. वर मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

सूनबाईने सुचवलं की खाली एक पांढरा कागद ठेवून बघू या, थेंब नेमका कुठून पडतो ते दिसेल. दुकानात ती सगळं पांढऱ्या कागदावरच करते. अण्णांना ते लागलं. चाळीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला गळती ओळखायला कागद लागतो का, असं ते म्हणाले. आणि खाली जाऊन गिअरबॉक्सचं झाकण मी स्वतः काढणार, हेही त्यांनी जाहीर करून टाकलं.

त्यावर सूनबाई जे बोलली ते कधीतरी कुणीतरी बोलायला हवंच होतं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दहा नंबरच्या पान्याऐवजी ते बारा नंबरचा उचलायचे आणि पाना खराब आहे म्हणायचे. खांदाही धड नव्हता. हे ते कुणाला कळू देत नव्हते. म्हणजे बघा, मी आणि अण्णा, दोघं एकाच माळेचे मणी. सूनबाई म्हणाली, "अण्णा, आता गाडीखाली मी जाते. तुम्ही बाहेर बसून सांगा." अण्णांनी विचारलं की मी म्हातारा झालो का. ती म्हणाली की हो, झालात.

झालं. घरात अबोला सुरू झाला. तोही कसा, तर अण्णा पाणी मागायचे ते भिंतीकडे बघून. "तुझ्या सुनेला विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय." माई दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या सुनेला तेच पुन्हा विचारायची, आणि सून माईला सांगायची की चष्मा त्यांच्या डोक्यावर आहे. दोन दिवस माई अशी कासावीस झाली. तिसऱ्या दिवशी रविवार होता.

सकाळी अण्णांनी माईकरवी निरोप पाठवला की सुनेने फक्त गाडी उचलून द्यावी, खांद्यामुळे दांडा मारता येत नाही, बाकी सगळं मी करीन. सूनबाई आली. तिने मागच्या चाकांना दगड लावले, मला बाईसाहेबांच्या पोटाखाली सरकवलं आणि दांडा मारायला लागली. अण्णा तेव्हा विजेरी आणायला आत गेले होते. गाडी वर आली. सूनबाई क्षणभर थांबली. एरवी इथे अण्णा विचारतात. आज विचारायला ते समोर नव्हते, आणि निरोप तर स्पष्ट होता की बाकी सगळं ते करणार. टेकू भिंतीशी होते. ती त्यांच्याकडे बघून आत निघून गेली.

अण्णा विजेरी घेऊन आले. गाडी वर होती. गाडी उचलली की लगेच टेकू लावायचे, हा सूनबाईचा अकरा वर्षांचा हात. ते तिने लावले असणारच, असं त्यांनी धरलं. विचारायला तोंड उघडावं, तर अबोला मोडला असता. त्यांनी गोणपाट अंथरलं, उताणे झाले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. गिअरबॉक्सच्या बरोबर खाली त्यांची छाती होती.

मित्रांनो, दोन टनांची गाडी, खाली माणूस, आणि मध्ये फक्त मी. आयुष्यभर मला हेच तर हवं होतं. सगळा भार माझ्या एकट्यावर, सगळा विश्वास माझ्यावर. आणि माझी जी गाळण उडाली म्हणता. चिरलेल्या कड्यातून तेल निसटत होतं. मी खाली बसत होतो. आवाज नाही, झटका नाही. अण्णांना कळावं असं काहीच नव्हतं. ते विजेरी तोंडात धरून फडक्याने झाकण पुसत होते. वरचं लोखंड आणि त्यांची छाती यांच्यात आधी एक वीत जागा होती, मग चार बोटं राहिली, मग तीन. मला ओरडायचं होतं. त्या भिंतीशी उभ्या असलेल्या ठोंब्यांकडे मी पहिल्यांदा आशेने पाहिलं. अरे या रे, असं मनातल्या मनात म्हणत होतो. पण टेकूला कुणीतरी आणावं लागतं, तो स्वतः चालत येत नाही.

स्वयंपाकघरात माई भाजी निवडत होती. सूनबाईने चहाचं आधण ठेवलं होतं. माई सहज म्हणाली, "आज तुमचा पाढा ऐकू आला नाही गं."

सूनबाईच्या हातातला साखरेचा डबा तसाच राहिला. ती धावत शेडच्या दारात आली. अण्णांचे नुसते पाय बाहेर दिसत होते. मान, अपमान, अबोला, सगळं बाजूला टाकून तिने विचारलं, "अण्णा, टेकू?"

आता इथे एक गोष्ट नीट ऐका. अण्णा आयुष्यभर प्रश्न विचारत आले होते. उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. सूनबाईला कुणी विचारलं असतं तर कदाचित सवयीने तिच्या तोंडून 'लागले' असं निघून गेलं असतं. अण्णांकडे तयार उत्तर नव्हतं. त्यांना बघावं लागलं. त्यांनी विजेरी डावीकडे फिरवली, मग उजवीकडे फिरवली. आतून त्यांचा अगदी हलका आवाज आला. "नाहीत गं."

त्यांनी बाहेर सरकायला अंग हलवलं तर शर्टाची बटणं वरच्या लोखंडाला घासली. खांदा वळेना. श्वास पुरता घेता येईना. सूनबाईने एक टेकू उचलून आणला आणि गाडीखाली सारला, तर तो शिरेना. गाडी टेकूपेक्षा खाली आली होती. टेकूची खुंटी काढून तो बुटका करत बसायला वेळ नव्हता. आता एकच उपाय होता, तो म्हणजे मी.

तिने दांडा धरला. घाईत तो उलटा फिरला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तो हात घड्याळं उघडणारा. तिने तो सरळ धरला आणि मारायला लागली. एका दांड्याला मी बोटभर वर जायचो आणि अर्धं बोट खाली यायचो. पुन्हा वर, पुन्हा खाली. तपासनीसाच्या टेबलावर मी जो जोर लावला तो याच्यापुढे पोरखेळ होता. कड्याच्या उरल्यासुरल्या रबराला मी हात जोडले की बाबा, आजचा दिवस निभाव. ती थांबत नव्हती. तिचे केस तोंडावर आले होते, दात ओठांत रुतले होते. गाडी टेकूच्या उंचीला आली तसा तिने पायाने तो आत ढकलला. दुसरा टेकू पलीकडच्या बाजूला हवा होता आणि दांडा सोडायची सोय नव्हती.

तो माईने आणला. गुडघेदुखीमुळे पायरी उतरताना भिंत धरणारी माई, ती तो वजनदार ठोंबा दोन्ही हातांनी ओढत शेडच्या पलीकडच्या अंगाने आली आणि पायाने सारून बरोबर जागेवर बसवला. सूनबाईने मला सोडलं. बाईसाहेब दोन्ही टेकूंवर बसल्या आणि हलल्या नाहीत.

अण्णा बाहेर आले. शर्ट फाटला होता आणि छातीवर लाल ओरखडा उठला होता, एवढंच. ते पायरीवर बसून नुसते श्वास घेत राहिले. तो श्वास ऐकून मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. देवा, वाचलो रे, एवढंच मी म्हणत होतो. कोण वाचलं, ते की मी, हे मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं.

सूनबाई खाली कोब्यावरच बसली आणि रडायला लागली. म्हणाली की मी टेकू बघितले होते, बघून आत गेले, मी लावायला हवे होते. अण्णा म्हणाले, "विचारायचं काम माझं होतं. मी रुसलो होतो म्हणून विचारलं नाही." मग त्यांनी खाली मान घातली. "म्हातारा झालोय मी. डोळ्यांना दिसत नाही. तू म्हणालीस ते खरं आहे."

माई म्हणाली की हे तुम्ही परवाच बोलला असता तर माझी दोन दिवसांची टपालकी वाचली असती. तेव्हा रडता रडता सूनबाईला हसू फुटलं.

चहा झाला. मग प्रश्न उभा राहिला की गाडी खाली आली कशी. सूनबाईने न विचारता दोन पांढरे कागद आणले. एक गिअरबॉक्सखाली ठेवला आणि एक माझ्याखाली. या वेळी अण्णांनीच वर विजेरी धरली. अर्ध्या तासाने बघितलं तर गिअरबॉक्सखालचा कागद कोरा करकरीत होता. माझ्या कागदावर चार थेंब होते. अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मग त्यांना जे हसू आलं ते थांबेना. हसता हसता ठसका लागला, माईने पाठ चोळली. बाईसाहेब निर्दोष होत्या. दोन दिवसांचा अबोला माझ्यापायी झाला होता.

माझी मात्र भीतीने पाचावर धारण बसली. आता मला भंगारात देणार, हे उघड होतं. द्यायलाच हवं होतं. माझ्या हातून माणूस जाता जाता राहिला होता. अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अकरा वर्षांत याला आपण एकदा तरी तेल घातलं का गं?" सूनबाईने नकारार्थी मान हलवली. माझा गुन्हा ते वाटून घेत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

मला भंगारात दिलं नाही. पुढच्या आठवड्यात सूनबाईने मला दुकानात नेलं. तिच्या त्या इवल्याशा टेबलावर मी मावेना, म्हणून खाली वर्तमानपत्रं पसरून तिने मला उघडलं. गिऱ्हाइकं बघत होती आणि एकाने विचारलंसुद्धा की ताई, हे कुठल्या भिंतीवरचं घड्याळ. तिने जुनं कडं चिमट्याने बाहेर काढलं. ते तिच्या बोटांत मोडून पडलं. एवढ्याशा त्या चिपाडावर मी इतकी वर्षं माज केला होता. तिने दट्ट्या साफ केला, नवं कडं बसवलं, ताजं तेल भरलं. शेडमध्ये परत आणल्यावर माझ्यावर गाडी चढवली आणि चहा पिऊन येईपर्यंत वाट बघितली. मी हललो नाही. त्यानंतर तिने टेकू लावले. मी नीट होतो, सगळ्यांना दिसत होतं की मी नीट आहे, आणि तरीही लावले.

मला राग आला नाही. उलट इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आता माझ्या कड्याला कधी काही झालंच तरी खाली कुणी चिरडणार नाही. एवढा मोठा घोर त्या दोन ठोंब्यांनी माझ्या डोक्यावरून उतरवला, आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर दात धरून बसलो होतो. अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. गाडीखाली सूनबाई जाते. अण्णा स्टुलावर बसून हजार सूचना करतात आणि ती त्यातल्या निम्म्या ऐकते. बाईसाहेबांच्या समोरच्या पट्टीवर अजून एक पिवळा दिवा पेटलेला आहे, तो कशाचा ते कुणालाच कळलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा पैलवान असेल. सगळ्यांचं ओझं उचलणारा, कधी कुरकुर न करणारा, मला काय होतंय असं म्हणणारा. त्याच्या पोटात काय चाललंय ते अधूनमधून उघडून बघत जा. आणि तो नको म्हणाला तरी त्याच्याजवळ एक टेकू आणून ठेवा. तो चिडेल, रुसेल, भिंतीकडे बघून पाणी मागेल. मागू द्या. रागवायला तो असेल ना, तेवढं पुरे.